मला वजा करा

पहिल्या दिवशी चाचांनी मला नावसुद्धा विचारलं नाही. झाकणाची एक छोटी प्लास्टिकची नळी पुढे केली आणि म्हणाले, "बाय, ह्यात थुंक."

मला नोकरीवर येऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. चिपळूणला बी.कॉम. केलेली, लग्नानंतर नवऱ्यापाठोपाठ बहारीनला आलेली, नईम भागातल्या एका खोलीत दीड वर्ष बसून कंटाळलेली मी. डेटा एन्ट्रीचं काम आहे एवढंच मला ठाऊक होतं. जुन्या थडग्यांच्या उत्खननात निघालेली हाडं ठेवायचं ते गोदाम होतं आणि तिथली हातानं लिहिलेली रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवायची होती. समोर पासष्टी उलटलेला एक माणूस उभा. डोक्याला बायका आंघोळीच्या वेळी घालतात तसली टोपी, तोंडावर एकावर एक दोन मास्क, हातात मोजे. दिसत होते ते फक्त डोळे.

"कशाला?" मी विचारलं.

"तुला वजा करायला."

मी दाराकडे पाहिलं. चाचांना ते कळलं असावं, कारण त्यांनी एक स्टूल पुढे सरकवलं, स्वतः लांब जाऊन बसले आणि समजावून सांगायला लागले. पुढच्या पाच वर्षांत त्यांनी मला इतकं काही समजावलं की ते पहिलं समजावणं आठवलं की मला अजून हसू येतं. ते इतकं नीट होतं, आणि मी इतकी घाबरलेली होते.

झालं होतं असं. मी येण्याच्या दोन वर्षं आधी, हाडांतून डीएनए काढून अभ्यास करणारी परदेशी माणसं गोदामात आली होती. त्यांनी सांगितलं की हजारो वर्षांपूर्वीच्या हाडात मूळ माणसाचा डीएनए उरलाच तर चिमूटभर उरतो, तोही तुकडे तुकडे झालेला. इथल्या उन्हाळ्यात तर बहुतेकांचा पार नाहीसा होतो. पण हाडाला हात लावणाऱ्याचा, त्याच्यावर शिंकणाऱ्याचा डीएनए ताजा असतो आणि तोच आधी सापडतो. हे ऐकून चाचा मटकन खाली बसले होते म्हणे.

"तीस वर्षं मी त्यांच्यावर फुंकर मारली," ते मला म्हणाले. "धूळ उडवायला. दाताच्या ब्रशनं घासायचो आणि वरनं फुंकर. त्या माणसांच्या अंगावर सगळीकडे मीच बसलेला हाय."

दुसऱ्या दिवशी ते त्या टीमसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, माझी थुंकी घ्या आणि जे सापडेल त्यातनं मला वजा करा. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. तीस वर्षांत त्या हाडांना कुणाकुणाचा हात लागला त्याची त्यांनी यादी केली आणि नळ्या घेऊन माणसं शोधत फिरले. मुहर्रकमध्ये राहणारा निवृत्त ड्रायव्हर अबू काहीतरी, त्याला वाटलं हा विमा विकायला आलाय. केरळला परत गेलेल्या फोटोग्राफरला त्यांनी पोस्टानं नळी पाठवली, आणि त्या भल्या माणसानं ती भरून परत पाठवलीही. जे वारले होते त्यांच्या नावापुढे चाचांनी लिहिलं होतं, 'भेट झाली नाही.' टीममधल्या लोकांनी त्यांना सांगून पाहिलं की एवढं करायची गरज नाही, जुन्या डीएनएची टोकं खास तऱ्हेनं झिजलेली असतात, त्यावरून जुना कुठला आणि नवा कुठला ते ओळखता येतं. चाचांनी ते लक्ष देऊन ऐकलं, वहीत लिहून घेतलं, आणि नळ्या गोळा करायचं काम चालू ठेवलं.

मी थुंकले. त्यांनी नळीवर तारीख घातली आणि मग विचारलं, "आता नाव सांग. आणि आजोळ कुठलं ते पण सांग. तिथे खाजण होतं काय, खाडीची दलदल?"

---

चाचा रायगडचे, श्रीवर्धनच्या बाजूच्या एका खाडीकाठच्या गावातले कोकणी मुसलमान. वडील मच्छीमार. विशीत बहारीनला आले ते उत्खननात माती उपसायला, पाट्या वाहायला. पण माती वाहता वाहता ते खाली वाकून बघत राहायचे, म्हणून कुणीतरी त्यांच्या हातात ब्रश दिला, मग वही दिली, मग गोदामाची किल्ली दिली. शिक्षण सातवी. इंग्रजी स्वतःच्या स्वतः शिकलेले. ईमेल सगळा कॅपिटल अक्षरांत लिहायचे, त्यामुळे तो वाचणाऱ्याला आपल्यावर कुणीतरी ओरडतंय असं वाटायचं. शेवटी एक ठरलेलं वाक्य: मी चुकत असेन तर दुरुस्त करा, बरोबर असेन तरी उत्तर द्या. जगभरच्या कितीतरी प्राध्यापकांनी त्यांना उत्तरं दिली होती. ती सगळी प्रिंट काढून फायलीत लावलेली होती.

सांगाडा हा शब्द त्यांना चालत नसे. 'माणसं' म्हणायचं. खोकं उघडण्याआधी दोनदा टकटक करायचे. गोदामात मोठ्यानं बोलायचं नाही, फोन बाहेर. एकदा नवीन आलेल्या मॅनेजरनं बोलता बोलता कॉफीचा कप एका खोक्यावर ठेवला. चाचांनी कप उचलला, बाहेर नेला, कॉफी ओतून टाकली, कप धुतला, पुसला आणि आणून त्याच्या हातात दिला. "साहब, आपकी माँ सोई होती तो उसके पेट पे रखते?" एवढंच विचारलं. मॅनेजर चांगला माणूस होता. तो नंतर गोदामात येताना पाण्याची बाटलीसुद्धा दाराशी ठेवून यायचा.

माणसांना प्रश्न विचारण्यात मात्र चाचांना कसलीच भीडभाड नव्हती. तुझ्या घराण्यात कावीळ कुणाला झाली होती? तुझी आजी कशानं गेली? पावटे, वाल खाऊन कुणाच्या पोटात दुखतं का? न्हावी, टॅक्सीवाला, पाव भाजणारा इराणी, कुणीही सुटायचं नाही. मला सुरुवातीला त्यांच्याबरोबर चहाला जायची लाज वाटायची.

मला जे काही समजलं ते त्यांच्याकडून. एकदा मी विचारलं, की एवढी हाडं कोरून त्या लोकांना बघायचंय तरी काय?

"जाळं बघितलंस ना? मच्छीचं?" ते म्हणाले. "जाळ्याचा डोळा एवढा. मोठी मासळी अडकली, बारीक निसटली. निसटलेल्या मासळीची पोरं पण बारीक. शेकडो वर्षं तेच जाळं टाकत राहा. समुद्रात काय उरेल?"

"बारीक मासळी."

"कोणी निवडली ती?"

"जाळ्यानं."

"जाळ्याला अक्कल हाय?"

"नाही."

"खलास. त्याला नैसर्गिक निवड म्हणतात. ताप हे पण जाळंच, दुष्काळ पण जाळंच." मग त्यांनी रॅककडे हात केला. "आज समुद्रात गेलीस तर तुला फक्त आजची मासळी दिसते. कधी बदलली, किती हळू बदलली, कसं कळणार? त्यासाठी दर पिढीची थोडी थोडी कोणीतरी राखून ठेवायला पाहिजे. ती हितं हाय. म्हणून ते लोक येतात."

त्या टीमला हवं असायचं ते कानाच्या आतलं हाड. सगळ्या शरीरात ते सर्वांत घट्ट, म्हणून डीएनए टिकला तर तिथेच टिकतो. तेवढं कोरायला चाचा शेजारी उभे राहायचे आणि कोरणाऱ्या मुलीला हळू आवाजात सांगत राहायचे, "शुवै शुवै." हळू, हळू. बहुतेक नमुने रिकामे निघाले. प्रत्येक वेळी तसा ईमेल आला की चाचा रजिस्टरात त्या माणसाचं पान उघडून बसायचे. जणू त्या माणसाला त्यांनीच नीट सांभाळलं नव्हतं.

आणि मग काही थोड्यांमध्ये सापडलं.

सांगायला टीममधली एक डॉक्टर बाई स्वतः आली होती. गोदामाबाहेरच्या बाकावर बसून आम्ही तिघांनी चहा घेतला. ती म्हणाली, रक्तातल्या तांबड्या पेशींना सांभाळणारा एक पदार्थ असतो, जी-सिक्स-पी-डी म्हणतात त्याला. काही लोकांत तो जन्मतःच कमी असतो. एरवी त्यांना काही होत नाही, पण बाकला म्हणजे इथले मोठे पावटे खाल्ले किंवा काही ठरावीक औषधं घेतली की पेशी फुटतात. बहारीनमध्ये हे घरोघर माहीत असलेलं आहे. पण तोच दोष, म्हणजे डीएनएतला तो बदल, हिवतापापासून वाचवतो. इथे गोड्या पाण्याचे झरे होते, खजुराच्या बागा होत्या, साचलेलं पाणी होतं, डास होते. शेती आली तसा तो बदल पिढ्यान् पिढ्या वाढत गेला असावा, आणि आपल्या ह्या खोक्यांतल्या काही माणसांतही तो आहे.

चाचा आनंदानं उड्या मारतील असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "वाढला म्हणजे नेमकं काय झालं?"

"म्हणजे तो बदल असलेल्यांचं प्रमाण जास्त झालं."

"ज्यांच्यात नव्हता त्यांचं काय झालं?"

तिनं कप खाली ठेवला. "त्यांच्यातले जास्त गेले," ती म्हणाली. "हिवतापानं. त्यात लहान मुलंच जास्त."

चाचांनी मान हलवली.  लहान मुलांची खोकी एका वेगळ्या रॅकवर होती, तो रॅक त्या दिवशी त्यांनी ओल्या फडक्यानं पुसून काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"बाय, माझ्या रजिस्टरात मी 'लहान मूल' लिहिलंय. तू कॉम्प्युटरवर नुसता 'सी' टाकतेस."

"कॉलम छोटा आहे, चाचा."

"कॉलम मोठा कर. पूर्ण लिही."

मी पूर्ण लिहिलं. तीन आठवडे गेले त्यात.

चाचांनी स्वतःचं रक्त तपासून घेतलं तो किस्साही सांगायला हवा. आपल्यातही तो बदल असणार अशी त्यांची पक्की खात्री होती. खाडीकाठचं गाव, पिढ्यान् पिढ्यांचा हिवताप, नसणार कसा? रिपोर्ट नॉर्मल आला. लोक नॉर्मल रिपोर्ट आला म्हणून पेढे वाटतात. हे दोन दिवस उदास होते. "मी त्यांच्यातला नाय निघालो," म्हणाले. शुक्रवारी मग सूकमध्ये, म्हणजे बाजारात जाऊन वाडगाभर उकडलेले पावटे खाल्ले, आणि मला फोटो पाठवला.

---

संदेश, माझा नवरा, अमवाजच्या व्हिलांमध्ये एसीची कामं करतो. त्या वर्षी पावसाळ्यात तो तीन आठवड्यांच्या लीव्हवर गुहागरला घरी गेला होता. एकटाच, कारण मला तेव्हा रजा नव्हती. परत यायच्या आठवडाभर आधी ताप आला. रक्त तपासलं, मलेरिया निघाला. तिथे तापाचं औषध झालं, ताप उतरला, आणि पुन्हा उलटू नये म्हणून चौदा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. त्या घेऊन तो विमानात बसला.

मी त्याला वेळेवर गोळी देत होते. नाश्ता झाला की पाण्याचा ग्लास आणि गोळी. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "राहू दे आज, बरं वाटत नाही. पाय गळून गेलेत." मी म्हणाले, कोर्स अर्धा सोडायचा नाही. तो भांडणारा माणूस नाही. त्यानं गोळी घेतली आणि पुन्हा आडवा झाला. डोळे पिवळट दिसत होते. मला वाटलं, मलेरियातून उठलाय, थोडी कावीळ असेल, दुपारी दवाखान्यात नेऊ.

गोदामात माझं लक्ष लागेना. एक ओळ मी दोनदा टाईप केली. चाचांनी विचारलं, "काय झालं?"

"संदेशला बरं नाही. कावीळ झाली वाटतं."

"गावाहून आला ना तो? ताप होता ना? कसल्या गोळ्या खातोय?"

मला नाव आठवेना. मलेरियाच्या, एवढंच सांगितलं. चाचांनी हातातलं खोकं रॅकवर ठेवलं.

"लघवी कसली होते त्याला?"

"चाचा..."

"लाजू नको. रंग कसला हाय?"

मला माहीत नव्हतं. मी बाहेर जाऊन फोन केला, संदेशला विचारलं.  तो म्हणाला, "काल संध्याकाळपासून काळपट होतेय. कोऱ्या चहासारखी. तू घाबरशील म्हणून बोललो नाही."

मी आत येऊन चाचांना सांगितलं. त्यांनी टोपी काढली, मास्क काढले. चार वर्षांत मी त्यांचा पूर्ण चेहरा गोदामाच्या आत तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"आज गोळी दिलीस?"

"दिली. सकाळीच."

"यल्ला. चल. राहिलेल्या गोळ्या पिशवीत घालायच्या. फेकायच्या नाय, डॉक्टरला दाखवायला लागतील."

कामाच्या वेळात त्यांनी गोदामाला कुलूप घातलं. मॅनेजरला फोनवर इतकंच सांगितलं की माणूस आजारी आहे. जाताना गाडीत मला त्यांनी खोटा धीर दिला नाही. म्हणाले, "मी डॉक्टर नाय. मी चुकत असेन तर तो आपल्याला हसेल आणि घरी पाठवेल. पण मी बरोबर असेन तर उद्याची गोळी त्याच्या पोटात जाता कामा नये."

संदेशला जिना उतरवताना त्यांनी एका बाजूनं धरलं होतं. सलमानिया हॉस्पिटलला पोचल्यावर गोळ्यांची पट्टी डॉक्टरसमोर ठेवली आणि अरबीत चार वाक्यं बोलले. डॉक्टर तरुण बहारीनी मुलगा होता. त्यानं पट्टी पाहिली, संदेशचे डोळे पाहिले, आणि पुढे सगळं भराभर झालं. चाचांचा अंदाज बरोबर होता: संदेशला तोच जी-सिक्स-पी-डीचा दोष होता आणि गोळ्यांनी पेशी फुटत होत्या. रक्त निम्म्याहून कमी उरलं होतं. दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं, पाच दिवस ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाला की आणखी दोन दिवस गोळ्या चालू राहिल्या असत्या तर मूत्रपिंडांवर गेलं असतं. त्यानं संदेशला एक कार्ड करून दिलं. कुठली औषधं घ्यायची नाहीत ते त्यावर लिहिलेलं. ते अजून त्याच्या पाकिटात सीपीआर कार्डाच्या, म्हणजे इथल्या ओळखपत्राच्या मागे असतं.

मी बाहेर बाकावर बसून माझ्या हातांकडे बघत होते. चाचा येऊन बसले.

"मीच दिली गोळी," मी म्हणाले. "तो नको म्हणत होता."

"तू बरोबर केलंस. औषध दिलं की कोर्स पुरा करायचा, हे तुला कोणी शिकवलं? डॉक्टरनेच ना? दर घरात बाय तेच करते."

मग त्यांनी खिशातून डाळिंबाच्या रसाचा डबा काढून दिला आणि तो संपेपर्यंत बसून राहिले.

---

दुसऱ्या दिवशी मी गुहागरला सासूबाईंना फोन केला. संदेशला दवाखान्यात ठेवलंय, गोळ्या सोसल्या नाहीत, आता बरा आहे, असं सांगायला लागले. पुढचं मी सांगणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "लघवी कोऱ्या चहासारखी झाली होती?"

मी ते सांगितलंच नव्हतं.

 फोन तसाच चालू राहिला. नुसता घरातल्या पंख्याचा आवाज येत होता.

संदेशला एक मोठा भाऊ होता हे मला लग्नाला सहा वर्षं झाल्यावर कळलं. दीपक. सहा वर्षांचा होता. वाडीत हिवतापाची साथ आली होती, घरोघर गोळ्या वाटल्या होत्या. दीपकला ताप आला, सासूबाईंनी गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी तो तोंड मिटून बसला तेव्हा नाक दाबून दिल्या. आणि आठवड्यात तो गेला. तेव्हा आजूबाजूची माणसं म्हणाली, आईचा हात लागला. कुणी म्हणालं, माहेरचंच काहीतरी आहे हिच्या. त्यानंतर सासूबाई माहेरी गेल्या नाहीत. घरात दीपकचं नाव कुणी काढायचं नाही असा नियम केला नव्हता, पण कुणी काढलं नाही. हे सगळं त्यांनी मला त्या फोनवर सांगितलं, भाजीत काय घातलं ते सांगावं तितक्या सपाट आवाजात.

मी ते चाचांना सांगितलं. संदेश घरी आल्यावर पहिल्या शुक्रवारी ते आमच्या खोलीवर आले तेव्हा म्हणाले, "तिला फोन लाव. मी बोलतो."

व्हिडिओवर सासूबाई डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. चाचांनी जाळ्याची गोष्ट सांगितली नाही. एवढंच सांगितलं की रक्तात एक गोष्ट असते, ती आईकडून मुलाकडे जाते, आईला स्वतःला पत्ताही नसतो. ती ज्याच्यात असते त्याला त्या गोळ्या सोसत नाहीत. तुमच्या संदेशला आहे हे आता तपासून कळलं.

"आणि माझ्या दीपकला?"

मला वाटलं, आता चाचा हो म्हणतील. म्हणून टाकलं असतं तर किती बरं झालं असतं.

"ताई, ते नक्की मना सांगता येणार नाय," चाचा म्हणाले. "त्याचं रक्त कोणी तपासलं नाय. पण तुम्ही सांगता ते सगळं तसंच दिसतंय. मी पैज लावणारा माणूस नाय, पण ह्याच्यावर लावली असती."

"म्हणजे मीच मारला."

"नाय. त्या साथीत सगळ्या गावानं त्या गोळ्या घेतल्या. घरोघर आयांनीच दिल्या. कितीतरी पोरं त्या गोळ्यांनी वाचली. तुमच्या पोराच्या रक्तात काय हाय ते तेव्हा तुमच्या वाडीत कोणाला दिसतच नव्हतं, तुम्हाला कुठनं दिसणार? आणि तुमच्या माहेरचं काही वाईट नाय. ह्याच गोष्टीनं तुमच्या घराण्यातली माणसं पूर्वीच्या हिवतापात जगली असतील. म्हणून ती उरली, म्हणून ती तुमच्यापर्यंत आली."

सासूबाईंनी मान वर केली. "जगली असतील ती जगली, भाऊ. माझा गेला."

"होय," चाचा म्हणाले. "तुमचा गेला."

 दोघंही फोनच्या दोन बाजूंना बसून राहिली. संदेश भिंतीकडे तोंड करून पडला होता, त्याचे खांदे हलत होते. मग सासूबाई म्हणाल्या, "माझ्या बहिणींच्या पोरांना पण असेल काय हे?"

"असू शकतं. तपासायला पाहिजे."

पुढच्या सोमवारी त्या माहेरी गेल्या. किती वर्षांनी, ते त्यांनीही मोजलं नसेल. दोन्ही बहिणींना घेऊन बसल्या, त्यांच्या मुलांना, नातवंडांना चिपळूणला नेऊन रक्त तपासायला लावलं. धाकट्या बहिणीच्या एका नातवात तेच निघालं. त्याच्या शाळेच्या दप्तरात आता कार्ड असतं.

---

चाचांचे आभार कसे मानायचे हे मला कधी जमलं नाही. एकदा वाकायला गेले तर त्यांनी पाय स्टुलाखाली घेतले आणि म्हणाले, "खाली धूळ हाय, तोंड वर ठेव." एकदा मिठाईचा बॉक्स नेला तर तो त्यांनी दाराबाहेर वाटून टाकला, कारण गोदामात खाणं मफी, म्हणजे अजिबात नाही. त्यांच्याच वहीत लिहून ठेवलेल्या प्रश्नांची उत्तरं मी इंग्रजी पेपर वाचून शोधायला लागले, छोट्या अक्षरांत त्यांचे ईमेल नीट टाईप करून द्यायला लागले, तेव्हा मात्र ते खूश झाले. त्या गोदामाचं काम आता मीच बघते. जो येईल त्याला आधी टोपी, मास्क आणि मोजे देते, आणि लोक माझ्याकडे बघून तसेच दाराकडे बघतात.

संदेशच्या आजारपणाच्या पुढच्या वर्षी चाचा रिटायर होऊन गावी गेले. आम्हाला मुलगी झाली. वडिलांकडून ते तिच्यात गेलंच असणार, तिला कधी त्रास होईल न होईल, पण पुढे तिच्या मुलांचं बघावं लागेल, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. ती आठ महिन्यांची असताना आम्ही लीव्हवर गेलो. श्रीवर्धनला चाचांना भेटायला जायचं ठरवलं तर सासूबाई म्हणाल्या, मी येणार. दोन खाड्या फेरीबोटीनं ओलांडून, दिवसभराचा प्रवास करून आम्ही पोचलो.

चाचांचं घर नारळीच्या बागेत. अंगावर लुंगी आणि बनियन, तोंडावर काही नाही. आता गावच्या आशाताईंबरोबर ते घरोघर फिरतात आणि मलेरियाच्या गोळ्या देण्याआधी रक्त तपासा म्हणून सगळ्यांच्या मागे लागतात, असं त्यांच्या बायकोनं तक्रारीच्या सुरात सांगितलं. जेवण झाल्यावर चाचांनी एका जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं, पेन घेतलं आणि सासूबाईंसमोर बसले.

"तुमच्या घराण्याचा नकाशा काढून ठेवू या. ह्या पोरीला पुढे लागेल." पुरुषांसाठी चौकोन, बायकांसाठी गोल. त्यांनी सासूबाईंच्या आईचा गोल काढला, बहिणींचे काढले, सासूबाईंचा काढला, सासऱ्यांचा चौकोन काढून मध्ये रेघ ओढली.

"तुम्हाला मुलं किती, ताई?"

मी मुलीला खांद्यावर थोपटत होते. दोन नणंदा आणि संदेश. कुणीही विचारलं की सासूबाई तीन म्हणायच्या, मी कितीदा ऐकलं होतं.

"चार," सासूबाई म्हणाल्या.

चाचांनी वर पाहिलं नाही. रेघेखाली पहिला चौकोन काढला. "थोरल्याचं नाव?"

"दीपक." आणि मग न थांबता त्यांनी त्याची जन्मतारीख सांगितली, वार सांगितला, पहाटे झाला तेही सांगितलं. डाव्या हातानं जेवायचा, सांगून सांगून थकले, असंही सांगितलं. त्यातलं नकाशात काय घालायचं असतं ते मला माहीत नव्हतं. चाचा सगळं लिहून घेत होते.

लिहून झाल्यावर त्यांनी कागद फिरवून सासूबाईंसमोर ठेवला. "नाव बरोबर लिहिलंय का बघा."

सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी चौकोनावर बोट ठेवलं, एकेका अक्षरावरून फिरवलं आणि मोठ्यानं वाचलं. संदेश त्यांच्या पाठीमागे येऊन बसला होता. त्यानं विचारलं, "आई, तो दिसायचा कसा?"

सासूबाई त्याच्याकडे वळल्या आणि सांगायला लागल्या.